धुतलेला रुपया

दाजी,

तुम्हाला जाऊन आज नववा दिवस. काल संध्याकाळी मंजूनं सगळ्यांसमोर तुमच्या टेबलाच्या खणाची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, "मामा, बाबांच्या नाण्यांचं तुम्हीच बघा. आमच्यात तुमच्याशिवाय कोणाला काय कळतंय?" बसायला आलेल्या माणसांनी माना हलवल्या. देगलूरचे तुमचे चुलतभाऊ तर म्हणाले, "हाव, पाव्हण्याला दाजीनं तयारच केलं होतं की." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मामाला भरून आलं. भरून वगैरे काही आलेलं नव्हतं, दाजी. मला लाज वाटत होती. दुखवट्याच्या घरात दुःख आणि लाज लांबून सारखीच दिसतात, एवढाच काय तो माझा फायदा झाला.

आक्का भिंतीला टेकून बसली होती. मंजूनं किल्ली तिच्यासमोरूनच माझ्याकडे नेली, आणि लेकीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या कळत्या वयापासून तिनं हेच बघितलंय. बाबा आणि मामा पडद्यामागे नाणी बघतात, आई चहा आणून ठेवते आणि जाते.

तर आता तुमच्याशी बोलून घेतो. तुम्ही मधे तोंड घालणार नाही, अशी सोय आजवर कधी मिळाली नव्हती.

तुमचं नांदेडच्या वजिराबादमधलं चष्म्याचं दुकान, त्यामागचा पडदा, पडद्यामागची खोली, खोलीत ते टेबल आणि पलीकडे दुसऱ्या पडद्याआड घर. बाहेर तुम्ही लोकांना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावायचे आणि आत स्वतः झिजलेली अक्षरं वाचत बसायचे. मी लातूरहून आलो की तुमचं ठरलेलं असायचं, "काय पाव्हणं, पाणी येऊन राहिलं का लातूरला?" मी म्हणायचो, "आठ दिवसांनी." तुम्ही म्हणायचे, "मग हात धुऊन घ्या इथंच, कोरडे करा अन् आत या."

पहिल्यांदा तुम्ही माझ्या हातावर रुपया ठेवला तेव्हा मी तो अंगठ्याखाली घट्ट दाबून धरला. तुम्ही कळवळलात. "अहो, भाकरी हाय का ती? कडेनं धरा, कडेनं! दोन बोटांत. अन् तोंडावर बोलू नका त्याच्या, थुंकी उडती." मग नाणं कसं बघायचं ते सांगितलंत. सरळ धरून बघायचं नाही. दिव्याखाली जरा तिरकं करायचं आणि हळूच कलवायचं. अस्सल न वापरलेलं नाणं असलं तर उजेड त्याच्या अंगावरून चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. हातोहात फिरलेलं असलं तर फिरता फिरता मधेच अडकतो. आणि घासून लख्ख केलेलं असलं तर तो फिरतच नाही, सगळीकडून एकदम डोळ्यात येतो. "निर्लज्जावानी," तुम्ही म्हणालात.

पुण्यामुंबईचे संग्राहक इंग्रजी अक्षरांत दर्जा लावतात. तुमचे दर्जे तुमचे होते. ताजा, फिरलेला, थकलेला. निजामाच्या राज्यात चालणाऱ्या हाली रुपयावर चारमिनार असतो, तर आधी मिनारांची टोकं बघायची, कारण उंच असतं ते आधी झिजतं. टोकं शाबूत, ताजा. टोकं बोथट पण कमान स्वच्छ, फिरलेला. कमानही बसली, तर थकलेला. थकलेल्याचा तुम्ही कधी अपमान केला नाही. "लई बाजार बघितलेत यानं," म्हणायचे आणि त्यालाही तसंच पाकीट, त्यावर तसंच सुबक अक्षर. या तिन्हींच्या बाहेर एक चौथा शब्द होता. तो तुम्ही आवाज खाली करून उच्चारायचे, घरातल्या मोठ्या आजाराचं नाव घ्यावं तसा. धुतलेला.

नाण्यावरनं तो शब्द माणसांवरही आला. मंजूला एक स्थळ आलं होतं, मुलगा गोरागोमटा, प्रत्येक वाक्याला हसणारा. ते लोक गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "धुतलेला वाटून राहिला." स्थळ तिथंच बारगळलं. आणि माझा तर धंदाच तो. लग्नपत्रिकांवर सोनेरी फॉइल मारायची, गणपतीला चमकी लावायची, नवरदेवाच्या नावाला उठाव द्यायचा. माझा नवा नमुना तुमच्यासमोर ठेवला की तुम्ही तो दिव्याखाली तिरका करून बघायचे आणि म्हणायचे, "उजेड काही फिरत न्हाई पाव्हणं."

यावरनं आपलं भांडण सुरू झालं आणि ते मिटलं कधीच नाही. माझं म्हणणं, नाणं टाकसाळीतून निघालं तेव्हा चकचकीतच होतं ना? मग ते पुन्हा चकचकीत केलं तर त्यात वाईट काय? तुम्ही म्हणायचे, "तुम्ही बी जन्मला तेव्हा टकलेच होता." एकदा जास्तच तापलात तेव्हा म्हणालात, "ते काळं म्हणजे घाण न्हाई. चांदीनं शंभर वर्षं हवा खाल्ली, त्याची साय हाय ती. साय काढल्यावर खाली आणखी दूध निघतं, पण चांदीखाली काय निघणार? चांदीच जाती." मला पटलं होतं, दाजी. तेव्हाच पटलं होतं. मेव्हण्यासमोर कबूल कसं करायचं, म्हणून भांडत राहिलो.

शिरूर अनंतपाळला गेलो होतो ते आठवतं? कोणीतरी सांगितलं होतं की एका म्हातारीच्या गळ्यात निजामाच्या रुपयांची माळ आहे आणि तिला ती काढायची आहे. माझ्या स्कूटरवर आपण दोघं, वाटेत दोनदा पंक्चर. म्हातारीनं माळ काढून तुमच्या ओंजळीत दिली. सगळ्या रुपयांना वर कडी डाग देऊन बसवलेली. तुम्ही एकेक रुपया तिरका करून बघितला. तिच्या छातीवर घासून घासून एक बाजू आरशासारखी झालेली, दुसरी बाजू तशीच.  मग माळ तिच्या गळ्यात परत घातलीत आणि म्हणालात, "मावशी, ही माझ्याकडं आली तर नुसती चांदी हाय. तुमच्याकडं ती माळ हाय." येताना मी चिडलो, पेट्रोल गेलं, दिवस गेला. तुम्ही मागून म्हणालात, "थकलेल्यातलं एवढं चांगलं नाणं म्या आजवर बघितलं न्हाई." तुम्ही रुपयांबद्दल बोलत होता की म्हातारीबद्दल, ते मी विचारलं नाही.

आता त्या रुपयाकडे येतो. किती वेळ टाळणार?

तो तुम्हाला उदगीरच्या एका म्हाताऱ्या सोनारानं दिला होता, मुशीत टाकायच्या आधी. चारमिनारचा हाली रुपया, कोणाच्या तरी पेटीत जन्मभर पडून राहिलेला. मिनारांची टोकं सुईसारखी. अंगावर राखाडी काळोख आणि कडेला निळसर-जांभळी झाक, पेट्रोल सांडलेल्या पाण्यावर येते तशी. शेजारच्या घड्याळवाल्या खलीलभाईंना तुम्ही तो वाचायला दाखवलात, कारण त्यावरची फारसी अक्षरं तुम्ही त्यांच्याकडूनच शिकत होता. खलीलभाईंनी डोळ्यावरचं भिंग न काढताच सांगितलं, "कमान के अंदर देखो, छोटासा ऐन है. निजाम के नाम का पहला हर्फ. और ऐन बोले तो अरबी में आँख बी होती, भाईसाब." तुम्ही त्यांना चहा पाजलात. "चष्मेवाल्याच्या घरी आला, अन् दारात डोळा घेऊन आला," असं दुकानात येईल त्याला सांगत सुटलात, हे मला नंतर खलीलभाईंकडून कळलं.

पण तोवर मला नव्हता दाखवलात आणि घरातही कोणाला नाही. कारण तो पाडव्याचा होता.

तुमच्या घरातली ही रीत बाहेरच्या कोणाला सांगून खरी वाटणार नाही. बाकीच्या बायकांना पाडव्याला ओवाळल्यावर साडी मिळते. आक्का तुम्हाला ओवाळायची आणि तुम्ही तिच्या तळहातावर वर्षभरातलं सगळ्यात चांगलं नाणं ठेवायचे. "सांग बघू." मग ती खिडकीपाशी जाऊन उजेडात कलवून बघायची, आणि आम्ही सगळे निकालाची वाट बघत फराळाकडे बघत बसायचो. तिचा डोळा तुमच्यापेक्षा तेज होता हे तुम्हीच सांगायचे. रेणापूरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली माझी बहीण भिंगाशिवाय सांगायची, "डावा मिनार थोडा बसलाय. ताजा न्हाई म्हणता यायचं." तुम्ही वाद घालायचे, हरायचे आणि पाकिटावर तिचा दर्जा लिहायचे. मी चिडवायचो, "आक्का, यांनी तुला साडीत फसवलं." ती म्हणायची, "साडी काय, कोणी बी आणतंय."

त्या वर्षी मी भाऊबीजेच्या दोन दिवस आधीच टपकलो. लक्ष्मीपूजनाची सकाळ. आक्कानं देवघरातले पूजेचे चार रुपये चिंचेच्या पाण्यात भिजत घातले होते. वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "दत्त्या, बसून हायस तर एवढे घासून दे." भावाला बहिणीच्या घरी काम सांगितलं की त्याच्या अंगात येतं. मी मोरीपाशी पाट घेऊन बसलो. चिंच, मीठ आणि वर रांगोळीची चिमूट, आमच्या आईची पद्धत. चार रुपये असे झाले की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. मग उत्साह उरला. उरलेला उत्साह घेऊन मी पडद्यामागे गेलो, तर टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर एकटाच एक काळा रुपया. मला वाटलं, बिचारा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी असा?

एवढंच, दाजी. यापेक्षा मोठं काही कारण मी अकरा वर्षं शोधलं, सापडलं नाही. तुमच्याशी झालेलं ते भांडण डोक्यात होतं का? थोडं असेल. दाखवूच यांना, कसा दिसतो ते, असंही असेल. जोर काढून घासला, गोल गोल. मिनार चमकले, कमान चमकली, आणि कमानीतल्या त्या बारीक अक्षराच्या पोटातली रेघ माझ्या अंगठ्याखाली गेली. मी पाचही रुपये पूजेच्या ताटात मांडले.

संध्याकाळी पूजेला बसलात. हळदकुंकू वाहायला हात पुढे केलात आणि हात तसाच राहिला. तुम्ही तो रुपया उचलला. कडेनं, दोन बोटांत. समईच्या उजेडात कलवलात. मी तुमच्याच बाजूला बसलो होतो, उजेड फिरला नाही ते मलाही दिसलं. तुम्ही विचारलंत, "हे कोणी घासलं?"

आक्का लाह्या-बत्तासे घेऊन येत होती. तिनं ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझं तोंड करंजीनं भरलेलं होतं. ती म्हणाली, "म्या घासलं. सकाळपासून सगळं म्याच घासून राहिले. का?"

मला वाचवायला म्हणाली, हे मला तिथंच कळलं. मोठी बहीण आहे, लहानपणापासून तिनं हेच केलंय. मी करंजी गिळायची आणि म्हणायचं, "दाजी, मी." दोन शब्द. करंजी गिळली. पण तोवर तुम्ही हळदकुंकू वाहून टाकलं होतं, त्या धुतलेल्या रुपयालाही, आणि आरती सुरू झाली. मी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं. भांडी आपटली असती, रागाच्या भरात मलाही घरी हाकललं असतं. तुम्ही काहीच केलं नाही. पाडव्याला आक्कानं ओवाळलं आणि तुम्ही पाकिटातले पैसे ठेवलेत. दुसऱ्या वर्षीच्या पाडव्याला साडी आणलीत. चांगली, काठाची. शेजारच्या बायकांनी कौतुक केलं. माझ्या बायकोनं मला टोमणा मारला, "बघा, दाजी सुधारले." दहा साड्या, दाजी. आक्कानं त्यातल्या एकीचीही घडी मोडली नसंल. टेबलाच्या खणाला कुलूप आलं आणि किल्ली तुमच्या शर्टाच्या खिशात.

आणि तुम्हाला तर नाणी कोणाला तरी दाखवल्याशिवाय करमायचं नाही. मग तुम्ही मला बोलावलंत. "आता तुम्हीच बघा, पाव्हणं."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी खुर्ची पुढे ओढली. जिथं ती उभी राहायची तिथं मी बसलो, आणि खरं सांगतो, मला आवडलं. मला कळत काय होतं? तुमच्या भुवईकडे बघून दर्जा सांगायचो. भुवई वर गेली की "ताजा". जरा आक्रसली की "फिरलेला वाटतो". तुम्हाला वाटायचं, पाव्हणं शिकून राहिलं. एकदा खलीलभाईंना म्हणालात, "यांचा डोळा तयार झाला बरं का." खलीलभाईंनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्या म्हाताऱ्याला घड्याळातला खोटा काटा लगेच ओळखू यायचा. पडद्याबाहेर कपबशी ठेवल्याचा आवाज यायचा. आक्का आत यायची नाही. तुम्ही म्हणायचे, "चहा आला वाटतं," जसं काही चहा आपोआप आला होता.

सांगायचं मी दर वर्षी ठरवायचो. लातूरच्या बसमध्ये वाक्य जुळवायचो. नांदेड जवळ आलं की ते वाक्य लहान व्हायला लागायचं आणि तुमच्या दारात पोहोचेपर्यंत त्याचं "काय दाजी, बरं हाय का?" झालेलं असायचं. स्वतःला समजावण्यात मी तयार माणूस आहे. आता जुनं झालं, म्हणायचो. आता सांगितलं तर दोघांच्यात उगाच वाद, म्हणायचो. त्यांचं वाजलेलं तर दिसत नाही, म्हणायचो. दिसणार कसं? वाजायला दोघं एका जागी बसावी लागतात.

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. आक्का खाली औषधं आणायला गेली होती. तुमचा आवाज पार बारीक झाला होता. मी म्हणालो, "दाजी, तो चारमिनारचा रुपया..." आणि थांबलो. तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, "त्याच्यावरच विचार करून राहिलो म्या. औंदा पाडव्याला साडी न्हाई आणायची. तिच्या हातावर ठेवतो काहीतरी. एकदा चुकली बिचारी, किती दिस धरून बसायचं? म्याच लई ताणलं."

मी काय केलं असंल? ओळखा बघू. तुम्ही तर दर्जा लावण्यात हुशार.

मी म्हणालो, "बरं होईल, दाजी."

त्या वेळी मला हलकं वाटलं, हे लिहायला हात जड होतोय. वाटलं, चला, दिवाळीला आपोआप मिटणार. माझ्या बोलण्याची गरजच नाही. जे तिनं केलंच नाही ते तुम्ही तिला मोठ्या मनानं माफ करणार होता, आणि मी त्या माफीच्या आडोशाला उभा राहून टाळ्या वाजवणार होतो. पण तुम्ही दिवाळीपर्यंत थांबला नाहीत. गणपती बसायच्या आधीच गेलात.

तर आज दुपारी. बायका येऊन बसून गेल्या होत्या. आक्का एकटीच होती. मी किल्ली तिच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, "आक्का, तो रुपया म्या घासला होता. पाडव्याचा."

तिनं किल्लीकडे बघितलंही नाही. "माहीत हाय. वाटी म्याच तुझ्या हातात दिली होती. नवीन काय सांगून राहिला?"

"मग तू गप्प का बसलीस?"

"तू बोलशील म्हणून." तिचा आवाज साधा होता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतका. "म्हणलं, आरती झाली की बोलंल. मग म्हणलं, जेवताना बोलंल. मग म्हणलं, भाऊबीज झाल्यावर तरी. तुला बसवायला स्टँडवर आले होते, आठवतंय? तिथं बी वाटलं, आता बोलंल. तू खिडकीतनं हात हलवला."

"दुसऱ्या दिवशी तूच सांगायचं होतंस त्यांना."

"काय सांगू? माझा भाऊ तुमच्यासमोर तोंड शिवून बसला होता म्हणून? त्यांच्या मनातला रुपया गेलाच होता, भाऊ बी घालवू का?"

मग मी दवाखान्यातलं सांगितलं. तुमचे शब्द जसेच्या तसे. "एकदा चुकली बिचारी" हेही. गाळून सांगता आलं असतं. आयुष्यभर मी गाळूनच सांगत आलोय, आज नाही गाळलं.

आक्का हसली. मग ते हसणं कुठं थांबलं आणि रडणं कुठं लागलं, ते मला कळलं नाही. "मला माफ करणार होते? लई मोठं मन म्हणायचं! अन् म्या काय केलं होतं रे?" तुम्ही गेल्यापासून ती इतकी रडली नव्हती. या रडण्यात तुमचा वाटा कमी आणि माझा जास्त होता.  

डोळे पुसून ती उठली, किल्ली घेतली आणि पडदा सारून आत गेली. अकरा वर्षांनी. खण उघडला. पाकीट मी शोधून दिलं. तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "निजाम, हाली रुपया, कमानीत ऐन. ताजा." 'ताजा' वर एकच रेघ मारलेली आणि खाली, "धुतलेला." बाकी काही नाही. एवढ्या रागातही तुम्ही तिचं नाव घातलं नव्हतं.

तिनं रुपया दोन बोटांत धरला, कडेनं, आणि खिडकीपाशी नेला. मला वाटलं होतं, हात विसरला असेल. कुठला? अलगद कलवला. भिंग मागितलं नाही. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "गोल घासलंय."

"हाव."

"म्या कधी गोल घासते का? समई बघ, तांब्या बघ, देवाची भांडी बघ. सगळ्या रेघा उभ्या. जन्मभर त्याच तांब्यानं पाणी पिले. एवढं भिंग लावलं, मिनाराची टोकं मोजली, रेघा बघितल्या, अन् हात कोणाचा ते न्हाई बघितलं?" रुपया तसाच धरून तिनं मला विचारलं, "कळलं असंल का रे त्यांना? कळून बी गप्प बसले असतील?"

तिला त्या घटकेला काय ऐकायचं होतं, हे मला अजूनही ठरवता येत नाही. पण खरं काय ते मला माहीत होतं. "न्हाई आक्का. कळलं नव्हतं. शेवटपर्यंत तूच घासला असं धरून होते."

तिनं रुपया पाकिटात सरकवला. "मग बरं झालं. कळून गप्प बसले असते, तर तुझ्यात अन् त्यांच्यात फरक काय ऱ्हायला असता?"

दाजी, तुमच्या बाजूनं मी एवढंच करू शकलो. तिचा तुमच्यावरचा राग मात्र अजून आहे. तो खरा माझ्या वाट्याचा आहे, चुकून तुमच्या पत्त्यावर गेलाय. त्याबद्दल माफ करा म्हणायलाही तोंड नाही.

तिनं पाकीट टेबलावर ठेवलं आणि तुमचा पेन माझ्यापुढे सरकवला. "लिही खाली. कोणी धुतला ते." मी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. नावांना उठाव देणारा माणूस मी, पण स्वतःच्या नावाची रेघ वाकडी गेली. तिनं वाचून बघितलं. "पत्रिका छापतोस अन् अक्षर बघ तुझं."

आणि मग तिनं दुसरं पाकीट काढलं. मी सवयीनं खुर्ची पुढे ओढली.

"लांब बस. हात लावू नको कशाला."

मी उठून पडद्यापाशी जाऊन बसलो, तिथूनच हे लिहितोय. इथून तिची पाठ दिसते. तिनं नाणं खिडकीकडे कलवलंय. आत्ता म्हणाली, "उजवा मिनार बसलाय. फिरलेला." परत म्हणाली, "घाला की वाद आता." ते ती मला म्हणत नव्हती.